वाचकांचे प्रश्न : मोकळ्या शेपटीची वटवाघळे आणि त्यांचे कूळ

या महिन्यात नाशिक शहर आणि परिसरातून वटवाघळांविषयी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे एकाच कुळाशी निगडित आहेत. त्यांची उत्तरे एकमेकांत गुंतलेली असल्यामुळे ती येथे एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : आमचा पंचवटीत जुना वाडा आहे. माडीच्या बाहेरच्या भिंतीत तुळई आणि विटांच्या मधल्या फटीतून दिवेलागणीनंतर छोटी वटवाघळे भराभर बाहेर पडतात. मागच्या आठवड्यात त्यांपैकी एक अंगणात मेलेले आढळले. त्याची शेपटी जाड होती आणि तिचा निम्मा भाग कातडीबाहेर होता. कान पुढे डोळ्यांवर झुकलेले होते, वरच्या ओठावर सुरकुत्या होत्या आणि अंगाला उग्र वास येत होता. घरातली मंडळी म्हणतात की लेण्यांत आणि किल्ल्यांवर असतात तीच ही शेपटीवाली वटवाघळे. हे बरोबर आहे का?
– एक वाचिका, पंचवटी

उत्तर : आपले वर्णन इतके नेमके आहे की कुळाविषयी शंका उरत नाही. आपल्या वाड्यातील वटवाघळे मोकळ्या शेपटीच्या वटवाघळांच्या, म्हणजे मोलोसिडी या कुळातील आहेत. बहुतेक कीटकभक्षी वटवाघळांमध्ये मागच्या दोन पायांमध्ये ताणलेला कातडीचा पडदा शेपटीला जवळजवळ टोकापर्यंत सामावून घेतो. मोलोसिडी कुळात मात्र शेपटीचा बराच मोठा आणि जाड भाग या पडद्याच्या कडेबाहेर मोकळा राहतो. सदऱ्याची बाही वर सरकवावी तसा हा पडदा शेपटीच्या मणक्यांवरून पुढेमागे सरकतो. त्यामुळे उडताना तो रुंद पसरता येतो आणि अरुंद फटीत शिरताना गोळा करून ठेवता येतो. आपण सांगितलेल्या बाकीच्या खुणाही याच कुळाच्या आहेत : जाड, चामड्यासारखे, पुढे झुकलेले कान, अनेक जातींत सुरकुतलेला वरचा ओठ, मजबूत आखूड पाय आणि पायांच्या कडेच्या बोटांवर अंग विंचरण्यास उपयोगी पडणारे राठ केस. उग्र वास हा सुद्धा त्यांच्या वसतिस्थानाचा ठळक पुरावा असतो आणि जाणकार माणसे पुष्कळदा फट दिसण्याआधी वासावरूनच त्यांचा ठाव घेतात.

घरातील मंडळींचा समज मात्र दुरुस्त करावा लागेल, आणि तो फार सार्वत्रिक असल्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो. आपल्याकडे शेपटी ठळकपणे नजरेत भरावी अशी वटवाघळे तीन वेगवेगळ्या कुळांत आढळतात. पहिले कूळ उंदीरशेपट्या वटवाघळांचे. त्यांची शेपटी दोऱ्यासारखी बारीक आणि जवळजवळ शरीराइतकी लांब असते, तर पडदा अगदीच आखूड असतो. कोरड्या प्रदेशातील लेणी, भुयारे आणि पडक्या इमारती ही त्यांची आवडती ठिकाणे असून अन्नाच्या टंचाईच्या काळासाठी ती शेपटीच्या मुळाशी आणि ओटीपोटात चरबी साठवतात. दुसरे कूळ म्यानशेपट्यांचे. यांची शेपटी पडद्याच्या कडेतून बाहेर येत नाही. ती पडद्याच्या मध्यावर वरच्या बाजूने छिद्र पाडल्यासारखी बाहेर डोकावते. जुन्या थडग्यांत, किल्ल्यांच्या भिंतींवर आणि लेण्यांच्या दर्शनी भागात पोट चिकटवून बसलेली आणि उजेड पडताच खेकड्यासारखी आडवी सरकणारी वटवाघळे बहुधा या कुळातील असतात. तिसरे कूळ मोलोसिडी, म्हणजे आपल्या वाड्यातील.

या तिघांचे परस्परनाते शेपटीवरून ठरवायला गेलो तर फसगत होते. गेल्या सुमारे पंचवीस वर्षांतील जनुकीय अभ्यासांनी वटवाघळांच्या संपूर्ण गणाची मांडणीच बदलून टाकली. पूर्वी मोठी फलाहारी वटवाघळे एका बाजूला आणि सगळी छोटी कीटकभक्षी वटवाघळे दुसऱ्या बाजूला अशी सोपी विभागणी होती. आता यिनप्टेरोकायरोप्टेरा आणि यांगोकायरोप्टेरा असे दोन उपगण मानले जातात, आणि उंदीरशेपट्या वटवाघळांचे कूळ पहिल्या उपगणात फलाहारी वटवाघळांबरोबर बसते, तर मोलोसिडी आणि म्यानशेपट्यांची कुळे दुसऱ्या उपगणात येतात. म्हणजे लेण्यातील किडे खाणारे उंदीरशेपटे वटवाघूळ आपल्या वाड्यातील वटवाघळापेक्षा वडाच्या झाडावर लटकणाऱ्या मोठ्या वटवाघळाचे अधिक जवळचे नातेवाईक आहे. म्यानशेपटे एकाच उपगणात असले तरी दूरच्या शाखेवरचे आहेत. मोलोसिडी कुळाचे खरे सगेसोयरे म्हणजे घराच्या वळचणीला दिसणाऱ्या साध्या छोट्या वटवाघळांचे, म्हणजे पाकोळ्यांचे, व्हेस्पर्टिलिओनिडी कूळ आणि त्याच्या आसपासची काही कुळे. त्यांच्यापैकी कोणाचीच शेपटी अशी मोकळी नसते.

आता जातीविषयी. भारतातून या कुळाच्या चार जातींची नोंद आहे : इजिप्शियन मोकळ्या शेपटीचे वटवाघूळ (टाडारिडा इजिप्टिआका), सुरकुत्या ओठांचे वटवाघूळ (केरेफॉन प्लिकॅटस), रॉटनचे वटवाघूळ (ओटोमॉप्स रॉटनी) आणि युरोपीय मोकळ्या शेपटीचे वटवाघूळ (टाडारिडा टेनिओटिस). यांपैकी पहिली जात आफ्रिकेच्या दक्षिण टोकापासून अरबस्तान, इराणमार्गे भारत, श्रीलंका आणि बांगलादेशापर्यंत पसरलेली असून महाराष्ट्रातही ती आढळते. जुन्या दगडी इमारती आणि खडकांच्या फटी तिला चालतात, त्यामुळे आपल्या वाड्यात तीच असण्याचा संभव सर्वाधिक वाटतो. खात्रीसाठी एक खूण पाहावी : इजिप्शियन वटवाघळाचे दोन्ही कान कपाळावर एकमेकांपासून सुटे असतात, तर सुरकुत्या ओठांच्या वटवाघळाचे कान कपाळावर कातडीच्या पट्टीने जोडलेले असतात. ओठांवरच्या सुरकुत्या दोघांनाही असतात, म्हणून केवळ त्यांवर विसंबून निर्णय करू नये.

एक सूचना कळकळीने करतो. मेलेले किंवा जमिनीवर पडलेले वटवाघूळ उघड्या हाताने उचलू नये. चावा किंवा ओरखडा झालाच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे, कारण रेबीजची शक्यता डोळ्याआड करता येत नाही. जिवंत पडलेले वटवाघूळ प्रत्येक वेळी आजारीच असते असेही नाही. या कुळाचे पंख लांब आणि अरुंद असतात आणि असे पंख वेगासाठी उत्तम असले तरी सपाट जमिनीवरून झेप घ्यायला गैरसोयीचे असतात. ही वटवाघळे उंचावरून स्वतःला खाली सोडून देतात आणि पडता पडता वेग घेतात. म्हणून जाड फडक्यात किंवा खोक्यात घेऊन ते संध्याकाळी उंच खडबडीत भिंतीवर ठेवले, तर पुष्कळदा आपले आपण उडून जाते. फट मात्र बुजवू नका. वाड्याची दुरुस्ती काढायचीच असेल तर आत पिल्ले नाहीत याची खात्री करून घेतल्यावरच ती करावी.

प्रश्न : मी प्राणिशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला आहे. मोलोसिडी कुळात एका पुस्तकात १२ प्रजाती (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचे गट) दिल्या आहेत, दुसऱ्यात १६ आणि संकेतस्थळांवर त्याहून जास्त. केरेफॉन ही प्रजाती काही ठिकाणी आहे, तर काही ठिकाणी मॉप्समध्ये विलीन झालेली आहे. परीक्षेपुरते बाजूला ठेवले तरी खरे काय मानावे?
– एक विद्यार्थी, नाशिकरोड

उत्तर : प्रश्न उत्तम आहे आणि त्याचे उत्तर या कुळाच्या इतिहासातच मिळते. कुळाचे नाव फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ पॉल जेर्व्हे यांनी १८५६ मध्ये दिले. त्याआधीच, १८१४ मध्ये, राफिनेस्क यांनी टाडारिडा ही प्रजाती स्थापन केली होती आणि पुढे दीर्घकाळ या एका नावाखाली आफ्रिका, आशिया, ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतील कितीतरी जाती एकत्र कोंबल्या गेल्या. बाहेरून पाहिले तर त्या सगळ्या खरोखरच सारख्या दिसतात. ही अडचण पॅट्रिशिया फ्रीमन यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने मोठ्या प्रमाणात दूर केली. कवटी, जबडा, दात आणि पंखांची हाडे यांची मापे घेऊन आणि त्या काळी नव्या असलेल्या, अनेक मापांचा एकत्र विचार करणाऱ्या बहुचल सांख्यिकीचा उपयोग करून त्यांनी टाडारिडाची मर्यादा आखली आणि केरेफॉन, मॉप्स, निक्टिनोमॉप्स, मॉर्मोप्टेरस यांना स्वतंत्र प्रजातींचा दर्जा दिला.

फ्रीमन यांच्या कामातील मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग आहाराचा आहे. कठीण कवचाचे भुंगेरे फोडून खाणाऱ्या जातींचा जबडा जाड असतो, दात थोडे पण मोठे असतात आणि डोक्याच्या माथ्यावर जबड्याचे स्नायू धरून ठेवणारा हाडांचा उंच कंगोरा असतो. पतंगांसारखे मऊ कीटक खाणाऱ्या जातींची कवटी मात्र नाजूक असते, जबडा बारीक असतो आणि कंगोरा जवळजवळ नसतोच. मॉप्समधील पुष्कळ जाती पहिल्या टोकाला, तर ओटोमॉप्स दुसऱ्या टोकाला आहे. एकाच आकाशात, एकाच अंधारात शिकार करणाऱ्या प्राण्यांमध्ये इतकी विविधता कशी, याचे उत्तर त्यांच्या तोंडात आहे. पण याच निरीक्षणात पुढची अडचणही दडलेली आहे. आहाराच्या आणि निवाऱ्याच्या गरजेमुळे कवटीचा आकार बदलत असेल, तर दोन अनोळखी शाखांमध्ये तो स्वतंत्रपणे सारखाही होऊ शकतो.

तसे घडल्याचे उदाहरण चपट्या डोक्यांच्या वटवाघळांत दिसते. केनिया-इथिओपियाच्या परिसरातील प्लॅटिमॉप्स, दक्षिण आफ्रिकेच्या भागातील सॉरोमिस आणि दक्षिण अमेरिकेतील निओप्लॅटिमॉप्स या तिघांच्या कवट्या वरून दाबल्यासारख्या चपट्या असतात, कारण तिघेही खडकांच्या अतिशय अरुंद भेगांत राहतात. त्या साम्यामुळे पहिल्या दोघांना मॉर्मोप्टेरसमध्ये घातले गेले होते. लोरेन ॲमरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये डीएनएच्या आधारे या कुळातील जवळजवळ सगळ्या जाती सामावणाऱ्या मोलोसिनी उपकुलाचा पहिला विस्तृत वंशवृक्ष मांडला तेव्हा हे साम्य नात्याचे नसून राहणीचे आहे हे स्पष्ट झाले. आफ्रिकेतील चपटी डोकी जुन्या जगाच्या (आफ्रिका, युरोप, आशिया) शाखेत गेली आणि दक्षिण अमेरिकेतील चपटे डोके नव्या जगाच्या (अमेरिका खंडांच्या) शाखेत, मोलोसॉप्स या प्रजातीच्या शेजारी. मॉर्मोप्टेरस आणि आग्नेय आशियातील कायरोमेलीस या फार जुन्या काळी वेगळ्या झालेल्या शाखा ठरल्या. त्याच धर्तीच्या अभ्यासांत केरेफॉन आणि मॉप्स यांच्या जाती एकमेकांत इतक्या मिसळलेल्या आढळल्या की दोघांमध्ये नैसर्गिक सीमारेषा काढता येईना. म्हणून काही तज्ज्ञ केरेफॉन मॉप्समध्ये विलीन करतात, तर काही जुने नाव तूर्त ठेवतात. मला विलीनीकरणाची बाजू अधिक सयुक्तिक वाटते, कारण प्रजाती हा समान पूर्वजाचा संपूर्ण परिवार असावा हे तत्त्व मान्य केले की वापरातील सोयीसाठी ते मोडता येत नाही. आपल्या नोंदवहीत मात्र दोन्ही नावे लिहून ठेवा, कारण भारतातील बहुतेक जुन्या नोंदी केरेफॉन या नावानेच सापडतील. वरच्या उत्तरात मीही तेच नाव त्यासाठीच वापरले आहे.

कुळाच्या सीमेवरची एक गोष्ट तर प्रत्येक विद्यार्थ्याने जाणून घ्यावी अशी आहे. पेरूच्या किनाऱ्यालगतच्या कोरड्या प्रदेशात टोमोपिआस नावाचे अवघ्या दोन-तीन ग्रॅम वजनाचे वटवाघूळ राहते. गेरिट मिलर यांनी १९०० मध्ये त्याचे वर्णन केले आणि त्याची गणना साध्या पाकोळ्यांच्या, म्हणजे व्हेस्पर्टिलिओनिडी कुळात झाली, कारण त्याची शेपटी मोलोसिडी कुळातील इतरांसारखी पडद्याबाहेर लांब येत नाही. १९९४ मध्ये प्रथिने आणि मायटोकाँड्रियातील एका जनुकाचा अभ्यास झाला आणि हे वटवाघूळ मोलोसिडी कुळाचे सर्वांत आधी वेगळे झालेले अंग असल्याचे दिसून आले. आता या एकट्या जातीसाठी टोमोपिएटिनी हे वेगळे उपकुल आहे आणि बाकी सगळी जाती-संपदा मोलोसिनी उपकुलात येते. दुसऱ्या टोकाला कायरोमेलीस टॉर्क्वाटस हे जवळजवळ केशहीन, पावणेदोनशे ग्रॅमपर्यंत वजनाचे वटवाघूळ आहे. त्याच्या दोन्ही कुशींना कातडीच्या पिशव्या असतात आणि चारही पायांवर सरपटताना ते पंखांची टोके त्या पिशव्यांत खोचून ठेवते. एका कुळात एवढा आवाका असल्यावर त्याची मांडणी एका बैठकीत पूर्ण व्हावी अशी अपेक्षाच धरू नये.

आकड्यांचे म्हणाल तर २००५ च्या जागतिक सस्तन प्राणी सूचीत १६ प्रजाती आणि १०० जाती होत्या, आज जातींची संख्या १३० च्या आसपास आणि प्रजातींची २० च्या आसपास मानली जाते. वाढ दोन मार्गांनी झाली आहे. काही जाती नव्याने सापडल्या, पण बऱ्याच जाती जुन्या एका नावाखालून वेगळ्या काढल्या गेल्या. मॉरिशस आणि रियुनियन या बेटांवरील मॉर्मोप्टेरस एकच समजले जात असे. २००८ मध्ये रियुनियनमधील वटवाघूळ स्वतंत्र जात म्हणून वर्णिले गेले. आफ्रिकेतील ओटोमॉप्समधून २०१५ मध्ये ओटोमॉप्स हॅरिसोनी वेगळी झाली. ऑस्ट्रेलियातील मॉर्मोप्टेरसचेही आता ओझिमॉप्स, मायक्रोनोमस, सेटिरोस्ट्रिस असे तुकडे झाले आहेत. या विभागणीकडे केवळ नावांचा खेळ म्हणून पाहू नका. दोन बेटांवरची एक जात मानली, तर एका बेटावरची संख्या घटली तरी दुसऱ्या बेटाचा आधार आहे असे कागदावर दिसते. दोन जाती मानल्या की प्रत्येकीचे भवितव्य तिच्या एकट्या बेटावर अवलंबून आहे हे लक्षात येते आणि संरक्षणाचा विचार मुळापासून बदलतो. दक्षिण आफ्रिकेपासून नाशिकपर्यंतच्या इतक्या विस्तीर्ण पट्ट्यात पसरलेल्या टाडारिडा इजिप्टिआकाकडेही याच नजरेने पाहायला हवे, आणि भारतीय नमुन्यांवर काम करायला आपल्या पिढीला भरपूर वाव आहे.

प्रश्न : या वटवाघळांचा शेतीला उपयोग होतो का? आमच्याकडे हरभरा आणि टोमॅटो असतो.
– एक शेतकरी, दिंडोरी

उत्तर : होतो, आणि याच कुळावर त्याचे चांगले अभ्यास झाले आहेत. अमेरिकेतील टेक्सास राज्यात ब्रॅकन गुहेत टाडारिडा ब्राझिलिएन्सिस या जातीची दीड ते दोन कोटी वटवाघळे उन्हाळ्यात एकत्र राहतात. पंचवटीच्या वाड्यात बहुधा असलेल्या इजिप्शियन वटवाघळाची प्रजातीही टाडारिडाच. त्यांच्या आहारात कपाशी आणि मक्यावरील बोंडअळीचे पतंग मोठ्या प्रमाणात असतात. दक्षिण-मध्य टेक्सासच्या कपाशी पट्ट्यात या वटवाघळांमुळे होणारा फायदा २००६ च्या एका अभ्यासाने वर्षाला सुमारे ७ लाख ४१ हजार डॉलर इतका मोजला. ती अळी आणि आपल्या हरभऱ्यावरची घाटेअळी हेलिकोव्हर्पा या एकाच प्रजातीतील आहेत. थायलंडमध्ये सुरकुत्या ओठांची वटवाघळे भातावरील तुडतुडे खातात आणि त्यामुळे वर्षाला सुमारे २,९०० टन भात वाचतो, असा अंदाज २०१४ मध्ये मांडला गेला. आपल्या भागासाठी हेच आकडे लावू नयेत, परंतु ही वटवाघळे झाडांच्या गर्दीत न शिरता मोकळ्या आकाशात उंचावर शिकार करतात आणि उडत आलेले पतंग अंडी घालण्याआधीच टिपतात, हे तत्त्व सर्वत्र सारखे आहे. ही वटवाघळे फळांना तोंड लावत नाहीत, त्यामुळे द्राक्षबागेच्या नुकसानीचा दोष त्यांच्या माथी मारू नये.

प्रश्न : आम्ही काही मित्र अंजनेरी, रामशेज, ब्रह्मगिरी अशी भटकंती करतो. सह्याद्रीत अतिशय दुर्मीळ असे रॉटनचे वटवाघूळ आहे असे वाचले. ते कुठे आहे आणि आम्हाला दिसले तर कसे ओळखावे?
– एक गिर्यारोहक, गंगापूर रोड

उत्तर : या वटवाघळाचे वर्णन ओल्डफिल्ड थॉमस यांनी १९१३ मध्ये केले. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९११ मध्ये सुरू केलेल्या सस्तन प्राण्यांच्या सर्वेक्षणात ते मिळाले होते आणि त्या कामाशी निगडित असलेले वनाधिकारी रॉबर्ट चार्ल्स रॉटन यांचे नाव त्याला देण्यात आले. बेळगाव जिल्ह्यातील तळेवाडीजवळची बारापेडे गुहा हे त्याचे मूळ ठिकाण, आणि ते आता भीमगड अभयारण्याच्या परिसरात येते. अनेक दशके जगात एवढे एकच ठिकाण ठाऊक होते. पुढे कंबोडियातून आणि मेघालयातून त्याच्या नोंदी मिळाल्या. दोन ज्ञात ठिकाणांत हजारो किलोमीटरचे अंतर असणे हे या कुळात नवल नाही. खडकांच्या खोल भेगांत राहणारे आणि रात्री उंच आकाशात उडणारे प्राणी नेहमीच्या जाळ्यांत सहसा सापडत नाहीत, त्यामुळे त्यांच्या नकाशात अशी मोठी रिकामी जागा राहते. २०२२ च्या दुरुस्तीपूर्वी वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या, म्हणजे सर्वाधिक संरक्षण देणाऱ्या, अनुसूचीत वटवाघळांच्या केवळ दोन जाती होत्या : एक ही आणि दुसरी सलीम अलींच्या नावाचे फलाहारी वटवाघूळ.

ओळखण्यासाठी सर्वांत मोठी खूण म्हणजे कान. ते डोक्याच्या मानाने प्रचंड, पुढे नाकाडाच्या दिशेने झेपावलेले आणि मध्यरेषेवर जोडलेले असतात. अंग गडद तपकिरी असून मानेमागे खांद्यांवर फिकट राखाडी पट्टा असतो. आकाराने ते इजिप्शियन वटवाघळापेक्षा स्पष्टपणे मोठे असते. इजिप्शियनच्या पंखातील अग्रबाहूचे हाड साधारण ५ सेंटिमीटर, तर याचे ६ सेंटिमीटरच्या पुढे भरते.

आपल्या भटकंतीत उपयोगी पडेल असे एक सांगतो. या कुळातील काही जातींचा प्रतिध्वनीसाठी काढलेला आवाज इतक्या कमी कंप्रतेचा असतो की तो माणसाच्या कानाला ऐकू येतो. युरोपीय जातीचा आवाज १० ते १४ किलोहर्ट्झच्या आसपास असतो. मोकळ्या आकाशात दूरवरचा कीटक हेरायचा तर कमी कंप्रतेचा ध्वनीच लांब पोहोचतो, म्हणून ही रचना. तेव्हा कातळकड्याखाली मुक्काम असेल तर अंधार पडल्यावर बोलणे थांबवून डोक्यावरून जाणारी बारीक ‘टिक् टिक्’ ऐकू येते का पाहा. तसा आवाज आला तर वेळ, ठिकाण आणि कड्याची दिशा लिहून ठेवा, शक्य असल्यास फोनवर ध्वनिमुद्रण करा. कोणत्या भेगेतून वटवाघळे बाहेर पडतात हे दुरून दुर्बिणीने पाहावे, भेगेत विजेरीचा झोत टाकू नये, काठी घालू नये आणि धूर तर मुळीच करू नये. बारापेडेसारख्या ठिकाणाची नेमकी जागा समाजमाध्यमांवर टाकण्याचा मोहही टाळावा. अशी नोंद वनखात्याकडे आणि वटवाघळांवर काम करणाऱ्या अभ्यासकाकडे पोहोचवावी. हाताळून मापे घेण्यासाठी परवानगी आणि रेबीजची प्रतिबंधक लस दोन्ही लागतात, म्हणून ते काम त्यांच्यावर सोपवावे.